दुसऱ्या मशीनचं डावं चाक

अप्पा,

तुमच्याबद्दल लोक अजूनही चांगलं बोलतात आणि मला ते उभ्याने ऐकून घ्यावं लागतं. मागच्या महिन्यात बँकेत पेन्शनच्या रांगेत एक म्हातारा भेटला. एकेकाळी त्याचे बारा माग होते, आता मुलं चालवतात. मी कुणाची मुलगी हे कळल्यावर त्याने दोन्ही हात जोडले. मला नव्हे, तुम्हाला. म्हणाला, "ताई, तुमचे वडील नुसते मागांच्या मधून चालत जायचे आणि सांगायचे, तिसऱ्याचा पट्टा सैल आहे. कानाने मशीन बघायचे ते. असा मिस्त्री बुऱ्हाणपुरात पुन्हा झाला नाही." मी म्हटलं, हो. मी नेहमी एवढंच म्हणते. हो म्हटलं की माणसं थांबतात. तुम्ही जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तुम्हाला ओळखणारे आता फार थोडे उरलेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाला तुमचा कान आठवतो. तुमच्या कानाबद्दल माझं काही म्हणणं नाही. तो लोखंडाचं ऐकायचा. माणसाचं ऐकायची वेळ आली की तुम्ही जेवायला बसायचात.

मी निवृत्त झाल्यापासून इथल्या एका खासगी इस्पितळात आठवड्यातून एक दिवस नव्या मुलींना शिकवायला जाते. तिथे मध्यंतरी कंपनीचा माणूस आला होता. टाय, चकचकीत बूट, चाकांची बॅग. त्याने सलाईनच्या स्टँडवर दोन पंप लावले. आता सगळीच औषधं थेंब मोजून सोडत नाहीत अप्पा, पंपात सिरिंज बसवतात, आकडा टाकतात, आणि पंप हळूहळू सोडत राहतो. एक पंप इस्पितळाकडे आधीपासून होता, दुसरा त्याच कंपनीचा नवा. जुन्यावर उजव्या कोपऱ्यातलं बटण दाबलं की पंप थांबतो. नव्यावर त्याच कोपऱ्यात, तेवढ्याच आकाराचं बटण, आणि ते दाबलं की औषध एकदम वेगाने आत जातं. एक मुलगी, नवीनच लागलेली, चेहऱ्यावरची भीती अजून गेलेली नाही, तिने विचारलं, "सर, दोन्हीत बटण उलटं का दिलंय?"

तो हसला. "मॅडम, नया मॉडल है. एक हफ्ते में हाथ बैठ जाएगा. बस, ध्यान रखना है."

"पण सर, इमर्जन्सीमध्ये?"

"इमर्जन्सी में तो और ध्यान रखना है ना, मॅडम!"

सगळ्या हसल्या. तीही हसली, कारण बाकीच्या हसल्या होत्या. मग त्याने सगळ्यांना कंपनीचं एकेक पेन वाटलं. मला त्याचा राग आला नाही. राग यायला समोरच्या माणसात काहीतरी असावं लागतं. मला फक्त वाटलं, शब्द याचे आहेत, वाक्य अप्पांचं आहे. इतक्या वर्षांत मशीनं लोखंडाची प्लास्टिकची झाली, वाफेची विजेवर आली, आणि ती बनवणाऱ्यांच्या तोंडात वाक्य मात्र तेच.

तुम्हाला आठवत नसेल म्हणून सांगते. आठवत असेल तरी सांगते, कारण तुम्ही हयात असताना कुणी तुम्हाला हे सरळ सांगितलं नाही. आपली राजधानी नागपूरची भोपाळ झाली त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. सगळीकडे जोडाजोडी चालली होती. कचेरीतले कागद बदलले, साहेब बदलले, कुणाला अर्ज कुठे करायचा ते कळेना. संस्थानं त्याआधीच विलीन झाली होती आणि त्यांचं जुनं सामान इकडून तिकडे फिरत होतं. मी तेव्हा गावातल्या ट्रस्टच्या दवाखान्यात नर्स होते, नोकरीला दोन वर्षं झाली होती. विश्वस्तांनी एका बंद पडलेल्या संस्थानी दवाखान्यातून ऑटोक्लेव्ह उचलून आणला. ऑपरेशनचे कपडे, बोळे, पट्ट्या ज्यात दाबाच्या वाफेवर निर्जंतुक करतात तो आडवा लोखंडी पिंप. एक आमच्याकडे होता, हा दुसरा. नळ तोडून आणलेला, तोंडाशी गंजलेला. तो बसवायचा कुणी? सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. मिलचे हेड फिटर. माझे वडील.

तुम्ही आलात, दोन दिवस नुसतं बघितलंत आणि मग दोन्ही मशीनं एका भिंतीला शेजारी शेजारी बसवून पाइप टाकलेत. जुन्याचेही पाइप काढून नवे टाकलेत, म्हणजे जोडी दिसेल. प्रत्येक मशीनला पुढून दोन चाकं. एक चाक उघडलं की बॉयलरची वाफ आत येते, दुसरं उघडलं की आतली वाफ बाहेर जाते. जुन्या मशीनचं बाहेर सोडायचं चाक डावीकडे आणि वाफेचं उजवीकडे, ते होतं तसंच ठेवलंत. आणि दुसऱ्याचं बरोबर उलटं. वाफेचं चाक डावीकडे, बाहेर सोडायचं उजवीकडे. म्हणजे दोन्ही वाफेची चाकं मधोमध, शेजारी शेजारी. ट्रस्टचे सेठ बघायला आले तेव्हा तुम्ही त्यांना समजावलंत, "सेठ, मागाची जोडी असते ना, एक डावा माग, एक उजवा माग. समोरासमोर उभे, मधे कारीगर. दोन्हींच्या चालू-बंदच्या मुठी एका टोकाला, त्याच्या हाताशी. चार पावलं वाचतात. तसंच केलं आहे. बाई मधे उभी राहील, दोन्ही चाकं हाताशी."

सेठ म्हणाले, "वा मिस्त्री, क्या बात है."

मागाचं ते खरं आहे, अप्पा. बुऱ्हाणपुरात मागावर वाढलेल्या कुणालाही ते पटेल. कारीगर दोन मागांच्या मधे दिवसभर उभा असतो, दोन्हींवर एकदम नजर ठेवतो. पण ऑटोक्लेव्ह दोन एकदम कुणी चालवत नाही. त्याच्या समोर उभं राहावं लागतं, एकाचं दार, मग दुसऱ्याचं दार. मधे उभं राहून काही होत नाही. तुम्ही त्या खोलीत दोन दिवस बसून मशीनं बघितलीत. ती चालवणारी बाई एकदा तरी काय करते, कुठे उभी राहते, आधी कोणता हात पुढे करते, हे बघितलं नाहीत. विचारलंही नाहीत. मी तुमच्याच घरात राहत होते. रोज संध्याकाळी तुमच्या ताटात भाकरी वाढत होते.

दापोऱ्याची एक नर्स माझ्याबरोबर ऑपरेशन थिएटरला होती. केळीवाल्यांच्या घरची, नवरा लग्नानंतर वर्षभरात गेला होता, सासरच्यांनी परत पाठवली तर भावाने नर्सिंगला घातलं. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, मला आक्का म्हणायची. कामाला झपाट्याची आणि तोंडाला त्याहून. पहिल्या आठवड्यात तिने उजवीकडचं चाक फिरवलं, वाफ वाढवायला, आणि मशीन फुसकारलं. ती मागे उडाली आणि कमरेवर हात ठेवून मशीनला म्हणाली, "आक्का, ही जुनीची सवत आहे बघ. तिला जे चालतं ते हिला मुद्दाम चालत नाही." त्या दिवसापासून आम्ही त्याला सवतच म्हणायचो. सवतीत कपडे लावले का, सवत तापली का. माझाही हात चुकायचा. पहिल्या महिन्यात तीनदा चुकला, एकदा मनगट भाजलं. ते तुम्ही बघितलंत. तव्यावर भाजलं का, असं विचारलंत.

मी सांगितलं तुम्हाला. स्वयंपाकघरात, आई चुलीपाशी, तुम्ही पाटावर. मी म्हटलं, "अप्पा, दुसऱ्या मशीनवर हात चुकतो. चाकं उलटी आहेत."

"उलटी नाहीत. जोडीची आहेत."

"पण घाईत हात जुन्या सवयीनेच जातो ना."

"तर हाताला शिकव. मशीन बराबर आहे. माझ्या मिलमध्ये अंगठाछाप माणसं डावा-उजवा माग चालवतात, तुम्ही शिकलेल्या बाया. ध्यान ठेवायचं, बस." आणि आईला म्हणालात, "ठेचा दे गं थोडा."

मग मी माझ्यापरीने एक उपाय केला. दुसऱ्या मशीनच्या डाव्या चाकाला पट्टीच्या गॉजचा तुकडा बांधला. पांढरी चिंधी दिसली की हात थांबायचा. साधी गोष्ट, पण महिनाभर आम्हां दोघींपैकी कुणाचाही हात चुकला नाही. मग तुम्ही तेलपाणी करायला आलात आणि ती चिंधी बघितलीत. डॉक्टर होते, दोन वॉर्डबॉय होते, दापोऱ्याची होती. तुम्ही खिशातला चाकू काढलात आणि चिंधी कापून माझ्या हातात दिलीत. "मशीनला चिंध्या बांधतात का? हे काय नवसाचं झाड आहे?" सगळे हसले. डॉक्टर सगळ्यात मोठ्याने हसले. मी चिंधी एप्रनच्या खिशात ठेवली. दुसरी बांधता आली असती. गॉजला काय तोटा, थान पडलं होतं. पण पुन्हा सगळ्यांसमोर काढली तर, म्हणून नाही बांधली.

तीन आठवड्यांनी झालं. त्या दिवशी मी वॉर्डात होते, थिएटरला ती एकटी. सकाळची वेळ. आत पोट उघडलेला पेशंट, कपडे कमी पडले, सर्जन आतून ओरडतायत. दोन्ही मशीनं झालेली. तिने आधी जुनं उघडलं. आमची रीत अशी होती की दाब उतरला की दार किलकिलं करायचं, उरलेली वाफ लवकर निघावी म्हणून बाहेर सोडायचं चाक आणखी एक फेरा उघडायचं आणि मग दार पूर्ण उघडून कपड्यांचे ड्रम काढायचे. जुन्यावर ते तिने केलं, डाव्या हाताने, ड्रम आत दिला. आतून आवाज आला, "अजून एक!" ती दोन पावलं सरकली. दुसऱ्याचा दाब उतरलेला, दार किलकिलं. आणि डाव्या हाताने, मिनिटापूर्वी जसं केलं होतं तसंच, डावं चाक एक फेरा उघडलं. ते वाफेचं होतं. बॉयलरची जिवंत वाफ सरळ उघड्या दारातून तिच्यावर आली. मी धावत पोचले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि चाक बंद कर, चाक बंद कर, असं सांगत होती. दोन्ही हात कोपरापर्यंत, मान, डावा गाल. मी चाक बंद करायला हात पुढे केला आणि अप्पा, माझा हात उजवीकडे गेला. तिला समोर भाजलेली बघत असताना माझा हात उजवीकडे गेला.

चौकशी झाली. विश्वस्तांच्या ओळखीचे एक निवृत्त सर्जन खंडव्याहून आले. चांगले होते म्हणे, सुवर्णपदक वगैरे. आयुष्यात कधी ऑटोक्लेव्हचं चाक फिरवलेलं नव्हतं. निर्जंतुक कपडे त्यांच्या हातात आपोआप येत असत. त्यांनी मशीन बघितलं, पाठीमागे हात बांधून, जसं म्युझियममध्ये बघतात. मग तुम्हाला विचारलं, "मिस्त्री, मशीन में कोई खराबी?" तुम्ही पुढे झालात आणि करून दाखवलंत. वाफ आत, वाफ बाहेर, बंद, उघड. दहा वेळा. एकदाही चुकला नाहीत. तुमचे हात कोरडे होते, खोली शांत होती, आत कुणाचं पोट उघडं नव्हतं, आणि मशीन तुम्ही स्वतः बांधलेलं होतं. ज्याने बांधलं त्याचा हात चुकत नाही, म्हणून मशीन निर्दोष. हा तुमच्या सगळ्यांचा न्याय. सर्जनसाहेबांनी मान हलवली, सेठने मान हलवली, डॉक्टरांनी मान हलवली. चार शहाणी माणसं एका बंद मशीनसमोर उभी, आणि ज्यांना रोज ते चालवायचं त्यांच्यापैकी एक वॉर्डात खाटेवर पडलेली आणि दुसरी दाराशी रजिस्टर धरून उभी. मला कुणी काही विचारलं नाही. मी खूप वर्षं स्वतःला हेच सांगत आले. मला कुणी विचारलं नाही.

कागदावर लिहिलं गेलं, कर्मचाऱ्याची हलगर्जी. तिला बरं व्हायला चार महिने लागले. बरं म्हणजे जखमा भरल्या. डाव्या हाताची तीन बोटं वाकडीच राहिली. नोकरी गेली आणि दाखल्यावर तो शब्द आला, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या दवाखान्याने घेतलं नाही. तिचा भाऊ तिला न्यायला आला तेव्हा मी निरोप द्यायला गेले. ती म्हणाली, "आक्का, सवतीने डाव साधला." आणि हसली. गालाची कातडी ओढली गेली म्हणून हसणं अर्ध्यावर थांबलं.

इथपर्यंत मी तुम्हाला माफ केलं असतं, अप्पा. मनापासून सांगते. माणसाला आपण केलेल्या गोष्टीतली चूक दिसत नाही, हे मी पुढे शंभर डॉक्टरांत, पन्नास इंजिनिअरांत बघितलं. न दिसणं हा गुन्हा नाही. पण दिवाळीत थिएटर तीन दिवस बंद होतं. चौथ्या दिवशी मी ड्युटीवर आले आणि दुसऱ्या मशीनसमोर उभी राहिले. चाकं बदलली होती. बाहेर सोडायचं डावीकडे, वाफेचं उजवीकडे, जुन्यासारखंच. पाइपांच्या सांध्यांवर गळती बंद करायला लावतात तो सफेदा अजून ओला होता. शिपायाला विचारलं तर म्हणाला, "मिस्त्री आले होते पाडव्याला. म्हणाले, कुणाला सांगायची गरज नाही, साधं तेलपाणी आहे."

म्हणजे तुम्हाला दिसलं होतं. तुम्हाला सगळं दिसलं होतं.

त्या दुपारी मी घरी येऊन तुम्हाला विचारलं तो प्रसंग मी कुणाला सांगितलेला नाही. तुम्ही जेवत होतात. मी उभ्यानेच म्हटलं, "तुम्ही चाकं बदललीत."

"हो. आता नाही चुकणार कुणाचा हात."

"मग तिचा हात चुकला नव्हता."

तुम्ही घास चावत राहिलात. आई म्हणाली, "जेवू दे त्यांना."

मी म्हटलं, "सेठना सांगा. खंडव्याला चिठ्ठी लिहा. तिच्या दाखल्यावरचा शब्द काढतील."

"आणि मिलमध्ये काय सांगू? मिस्त्रीने उलटे पाइप टाकले, बाई जाळली? उद्या कोण मला मशीनला हात लावू देईल?" मग आवाज खाली आणून, समजावल्यासारखं, "सुधारून दिलं ना, बेटा. अजून काय पाहिजे तुला? ती शेतीवाल्या घरची आहे. उपाशी नाही राहणार."

बेटा म्हणालात. एरवी कधी म्हणायचा नाहीत.

मी तुम्हाला अडाणी समजत असते तर सोपं गेलं असतं. पण मला माझं घड्याळ आठवतं. मी नर्सिंग पास झाले तेव्हा तुम्ही मला घड्याळ दिलंत. आम्ही मनगटावर घालत नसू, एप्रनला छातीपाशी टाचत असू, म्हणजे नाडी मोजताना हात मोकळे. बाजारातलं साधं घड्याळ तसं टाचलं की आपल्याला उलटं दिसतं. तुम्ही मला अंगणात उभं केलंत, खाली बघ म्हणालात, माझ्या मानेकडे बघितलंत, नजर कुठे जाते ते बघितलंत. मग घड्याळ उघडून तबकडी फिरवून बसवलीत, बारा खाली आणि सहा वर, म्हणजे मी मान खाली घातली की मला सुलटं दिसेल. समोरच्याला उलटं दिसलं तर दिसो. "वापरणार तू," असं म्हणाला होतात. बारीक तार, छोटा चिमटा, ओठांत जीभ धरलेली. मी ते घड्याळ वीस वर्षं वापरलं. म्हणजे तुम्हाला येत होतं, अप्पा. वस्तू माणसाकडे वळवावी लागते, माणूस वस्तूकडे नाही, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको होतं. ते तुम्ही स्वतःच्या मुलीसाठी केलंत. दवाखान्यातल्या बायांसाठी मागाची जोडी पुरे होती. मला तुमची घृणा वाटते ती इथे. अडाणीपणाची कुणाला घृणा वाटत नाही.

पुढे माझं लग्न झालं, मी नेपानगरला गेले, तिथे दवाखान्यात लागले. जिथे जिथे माझं चाललं तिथे मी एकच हट्ट धरला. दोन यंत्रं एकाच कामाची असतील तर त्यांच्या मुठी एकाच बाजूला. वाफेच्या चाकाला लाल रंग, दुसऱ्याला नाही. दोन बाटल्या सारख्या दिसत असतील तर एक दुसऱ्या कपाटात. लोक मला खुळी म्हणायचे. एक डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुमचा तुमच्या नर्सेसवर विश्वास नाही का?" मी म्हटलं, आहे, म्हणूनच. त्यांना कळलं नाही. अशी बाटली उचलण्यात एखादी मुलगी चुकली की मी तिला ओरडण्याआधी कपाट बघायला जायचे. मुलींना मी मायाळू वाटायचे. मी मायाळू नव्हते. मी फक्त तुमच्यासारखी नव्हते, आणि त्याचा मला अभिमान होता. फार अभिमान होता. तुम्ही दरवर्षी संक्रांतीला यायचात, मी पाया पडायचे, चहा करायचे, आणि मनात म्हणायचे, हा माणूस पाडव्याला गुपचूप पाइप बदलून आला. तुमच्या शेवटच्या आजारात मी तुमचं सगळं केलं, अंग पुसलं, कुशीवर वळवलं. तुम्ही एकदा माझा हात धरून काहीतरी म्हणायला गेलात. मी उशी नीट केली. तुम्ही काय म्हणणार होतात हे मला माहीत असल्यासारखं मी वागले. खरं तर मला ते ऐकायचं नव्हतं. तुम्ही माफी मागितली असतीत तर मला तुम्हाला तुच्छ मानणं जड गेलं असतं.

तो पंपवाला येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दापोऱ्याला गेले. का गेले ते नीट सांगता येत नाही. मधे बारा-पंधरा वर्षं आमची भेट नव्हती. ती भावाच्या घरी मागच्या खोलीत राहते. केस पांढरे, कंबर वाकलेली, तोंड तसंच. मला दारात बघून म्हणाली, "आक्का! मला वाटलं तू गेलीस. तुझ्या नावाने एक दिवस जेवले नाही मी, आता परत दे ते जेवण." तिची नात, म्हणजे भावाची नात, औरंगाबादला नर्सिंगला जाणार आहे, ती चहा घेऊन आली. माझ्या मैत्रिणीने तिला माझ्या पाया पडायला लावलं आणि म्हणाली, "हिच्याकडून शीक. माझ्याकडून नको. मी एका चाकाची खात्री केली नाही आणि जन्म घालवला." पोरगी हसली, तिने हे शंभर वेळा ऐकलं असावं. ती आत गेली.

मग आम्ही दोघीच. अंगणात कुणीतरी केळीची पानं ओढत नेत होतं. तिने वाकडी बोटं पदराखाली घेतली आणि एकदम विचारलं, "आक्का, एक विचारू? खूप वर्षांपूर्वी दवाखान्यातला तो शिपाई बाजारात भेटला होता. तो म्हणाला, मी गेल्यावर अप्पांनी त्या मशीनची चाकं बदलली. मला खरं वाटलं नाही. तू तर होतीस तिथे. बदलली होती का गं?"

ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. तिला फक्त कळायला हवं होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला विचारत होतं.

मी म्हटलं, "मला आठवत नाही. असेलही. म्हाताऱ्या शिपायाचं काय घेऊन बसलीस."

ती म्हणाली, "हो ना. मीही तेच म्हटलं." आणि चहा निवतोय म्हणाली.

हे मी तुम्हाला लिहिते आहे. तुमचा पत्ता नाही. तिचा आहे, आणि ती अजून चष्म्याशिवाय वाचते.